वाट्याला आलेला दिवा

दिवे वाटून टाकले ही पेनेहेची चूक होती, असं आता गावात सगळेच म्हणतात. वाटले त्या दिवशी मात्र एकानेही तोंड उघडलं नव्हतं. उलट हात पुढे करून जो तो आपला दिवा घेऊन गेला, आणि दोघातिघांनी तर तांबड्याच्या जागी हिरवा मिळेल का, अशी घासाघीसही केली.

त्याचं असं झालं. या बेटाला बंदर नाही. मोठ्या बेटावरच्या आपिया शहराहून येणारं जहाज बेटाभोवतीच्या खडपाच्या बाहेर खोल पाण्यात थांबतं, आणि गावचा पडाव खडपात फोडलेल्या चिंचोळ्या वाटेने बाहेर जाऊन माल घेऊन येतो. पीठ, तांदूळ, डिझेलची पिंपं, कोंबडीच्या गोठवलेल्या तंगड्या, आणि माणसंसुद्धा. उजेडी ठीक चालतं. पण गेल्या वर्षी जहाजाला उशीर झाला, अंधार पडला, आणि जहाजावरच्या भल्यामोठ्या दिव्याचा झोत पडावातल्या पोरांच्या थेट डोळ्यांत गेला. वरच्यांना खालचे दिसेनात, खालच्यांना वरचे. साखरेची पोती समुद्राने प्यायली. एका पोराचा हात मोडला. मग जहाजाच्या कचेरीने एक पेटी पाठवली. तिच्यात डबीएवढे दिवे होते, बूड फिरवलं की पेटणारे, अर्धे तांबडे आणि अर्धे हिरवे. बेताचा उजेड, डोळ्यांना न टोचणारा. वाटेच्या दोन्ही कडांना खांब रोवून त्यांवर लावायचे, असा त्यांचा विचार. पण पेटी उतरवताना जहाजावरचा माणूस एवढंच ओरडला, ‘‘गावासाठी आहेत.’’

आता गावासाठी आलेल्या वस्तूला या गावात एकच रस्ता ठाऊक आहे. ती चावडीपुढच्या मोकळ्या जागेत येते, तिचे वाटे पडतात, आणि घराघराचं नाव पुकारलं जातं. याला इनाती म्हणतात. समुद्रातून एकच मोठा मासा मिळाला तरी त्याची इनाती होते. मग दिव्यांनी काय घोडं मारलं होतं?

नावं पुकारायचं काम पेनेहेचं. केस पांढरे झाले तेव्हापासून तो हेच करत आला होता. त्याच्या हातून कोणाच्या वाट्याला शेपटीकडचा तुकडा दोनदा गेला नाही, आणि हा त्याचा अभिमान होता. दिवेसुद्धा त्याने पेटीतून निघाले तसे दिले, रंगबिंग काही बघितलं नाही. कोणी तो डुकरांच्या खुराड्यावर टांगला, कोणी होडीच्या नाळेवर, कोणी तान्ह्या पोराच्या झोळीवर. मास्तरांनी संडासात लावला. वाटणाऱ्याने आपला वाटा शेवटी घ्यायचा असतो. पेटीच्या तळाशी उरलेला हिरवा दिवा पेनेहेने घरी नेला आणि बायकोच्या चटईच्या वरती, आढ्याला बांधला.

त्या चटईवर तेव्हा कोणी झोपत नव्हतं. त्याच जहाजाने तिलोमाई आपियाला गेली होती, मोतीबिंदू काढायला.

तिलोमाई म्हणजे ‘इकडे बघ’. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव, आणि गेली काही वर्षं तिला इकडचं काय, तिकडचंही धड दिसत नव्हतं. गावाने त्यावरून कमी चिडवलं नाही. ती स्वतःही चिडवून घ्यायची. नारळ समजून मांजराला उचललं, तो किस्सा तीच सगळ्यांत रंगवून सांगायची. पण रात्री चटईवर पडल्या पडल्या ती एकदा म्हणाली होती, ‘‘अहो, तुमचं तोंड कसं होतं ते विसरत चालले मी.’’ पेनेहेने ते हसण्यावारी नेलं. मग बराच वेळ त्याला झोप आली नाही.

ती गेल्यावर घर इतकं गप्प झालं की त्याला आपलाच श्वास ऐकू यायचा. तिचं घोरणं म्हणजे काही गाणं नव्हतं, पण त्याच्या तालावर तो चाळीस वर्षं झोपला होता. मग तो दिवा लावून पडायचा. हिरवा उजेड आढ्यावरून खाली झिरपायचा, चटईचे पट्टे पाण्याखालचे असल्यासारखे हलायचे, आणि अर्धवट झोपेत पेनेहेला वाटायचं की आपलं घर खडपाच्या आतल्या शांत पाण्यात तळाशी बसलंय आणि वरून तिची होडी जातेय. सकाळी दिवा विझवायला तो विसरायचा.

ऑपरेशननंतर तिचा फोन आला. ‘‘इथल्या नर्सच्या नाकावर तीळ आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मला दिसतो. तिलाही माहीत नव्हता बहुतेक, असं तिने बघितलं माझ्याकडे.’’

‘‘मग आता परत ये.’’

‘‘येते की. तुमचं तोंड बघायचंय. काय अवस्था करून ठेवलीय देव जाणे.’’

फोन ठेवल्यावर पेनेहेने आरसा शोधला. आरशात जे दिसलं त्याने तो काही खूश झाला नाही.

जहाज शनिवारी दुपारी यायचं होतं. दुपार गेली, मुलांचं पोहणं झालं, चर्चमध्ये उद्याच्या गाण्यांची तालीम सुरू झाली, तरी क्षितिज मोकळंच. सूर्य बुडाला आणि मग ते दिसलं. आकाश अजून आंब्याच्या रसासारखं होतं आणि त्यात ते काळं टिंब हळूहळू मोठं होत गेलं. पेनेहे किनाऱ्यावर धुतलेला सदरा घालून उभा होता. दाढीही केली होती, हनुवटीला दोन ठिकाणी कापून घेऊन.

गावच्या कचेरीतला रेडिओ लोसा सांभाळते. ती त्याची शेजारीण, जिभेची तिखट पण मनाने बरी. जहाजाच्या कॅप्टनचा आवाज आला, ‘‘वाटेवरचे दिवे लावा. मला दिसत नाहीत.’’

‘‘कुठले दिवे?’’ लोसाने विचारलं.

‘‘मागच्या वेळी पेटीभर दिले ते.’’

लोसाने मान वर केली. रेडिओच्याच वर, फळीवर, तिच्या घरचा तांबडा दिवा होता. वाचायला बरा पडतो म्हणून तिने तो इथे आणून ठेवला होता. ‘‘ते घराघरांत आहेत,’’ ती म्हणाली.

‘‘अंधारात मी माल देणार नाही आणि माणसं तर मुळीच नाही,’’ कॅप्टन म्हणाला. ‘‘गेल्या वर्षीचं पुरे झालं. उद्या तुमचा रविवार, तुम्ही पडाव काढणार नाही. मला पुढच्या बेटांवर जायचंय. दिवे लागत असतील तर थोडा थांबतो. नाहीतर पुढच्या फेरीला.’’

पुढची फेरी म्हणजे दोन-तीन आठवडे, आणि तीही जहाजाची तब्येत बरी असली तर. तोपर्यंत तिलोमाईने बेटं फिरत फिरत परत आपियाला जायचं आणि कोणाच्या तरी ओसरीवर पथारी टाकायची.

लोसा धावत किनाऱ्यावर आली आणि सगळं एका दमात सांगून मोकळी झाली. ‘‘दादा, ते खांबावर लावायचे होते. तुम्ही ते माशासारखे वाटलेत.’’

‘‘गावासाठी आहेत म्हणाला तो,’’ पेनेहे म्हणाला.

‘‘म्हणाला खरा.’’

‘‘मग गावासाठी म्हणजे काय?’’

पेनेहे पाण्याकडे बघत राहिला. आयुष्यभर जे बरोबर केलं तेच आज आपल्या दारात आडवं येऊन पडलं, याचं त्याला फार वाईट वाटलं. जहाज अगदी समोर होतं. तिथल्या कठड्याशी एखादी बाई उभी असेल, गाठोडं घेऊन, आणि तिला हा किनारा दिसत असेल.

पडावाचं सुकाणू कालोलो धरतो. तो तिलोमाईच्या भावाचा मुलगा. तो ओल्या वाळूतून लांब ढांगा टाकत आला. ‘‘आतोबा, आत्या जहाजावर आहे ना?’’

‘‘आहे.’’

‘‘खांब तर नाहीतच आपल्याकडे. दिवे आणून तरी बांधायचे कशाला?’’

तेव्हा पेनेहेने सदऱ्याच्या बाह्या सरसावल्या. ‘‘माणसांना बांधू,’’ तो म्हणाला. ‘‘ओहोटी आहे. खडपावर गुडघाभर पाणी असेल. जसे वाटले तसे बोलावतो.’’

त्याने चावडीपुढे जाऊन हाक दिली. इनातीची हाक गावात कोणी चुकवत नाही. वाटा घ्यायला लहान पोरं टोपल्या घेऊन येतात, तशी ती आलीही. त्यांना परत पिटाळलं. टोपल्या नकोत, दिवे आणा, आणि मोठ्यांना पाठवा. मग खुराड्यांवरून, होड्यांवरून, झोळ्यांवरून दिवे उतरले. तालीम अर्धी टाकून चर्चमधली माणसं आली. मास्तरांचा दिवा कुठून आला ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी त्यांच्याजवळ उभं राहायला तयार होईना.

समुद्रातून आत येताना तांबडे डाव्या हाताला, हिरवे उजव्या हाताला, असं कालोलोने सांगितलं. आता पंचाईत अशी की गावाचे मुळातच दोन पक्ष. क्रिकेटला दोन, नाचाला दोन, भांडायलाही तेच दोन. पेनेहेने रंग न बघता वाटल्यामुळे दोन्ही पक्षांची पुरी भेसळ झाली होती. डुकरावरून वर्षभर न बोलणाऱ्या दोन बायकांच्या हातात हिरवेच दिवे.

‘‘मी हिच्या शेजारी उभी राहू?’’

‘‘तांबडा घ्या मग, बदलून देतो,’’ पलीकडून कोणी तरी म्हणालं.

‘‘माझा आहे तो बरा आहे,’’ ती म्हणाली आणि शेजारणीचा दंड धरून पाण्यात उतरली, कारण खडप निसरडं होतं.

चार घरांनी आपले दिवे पडावाच्या चार कोपऱ्यांना दिले. आभाळात उरलेल्या उजेडात कालोलो वाटेतून बाहेर पडला. जाताना त्याने ओरडून सांगितलं, ‘‘लोसाताई, त्याला तो मोठा दिवा बंद करायला सांगा. त्या झोतापलीकडे मला काही म्हणजे काही दिसत नाही.’’

हिरव्या बाजूला मध्यावर खडपात एक घळ आहे. समुद्राकडून बघितलं तर तीच वाट वाटते, आणि आत शिरलं की पडावाचं पोट फाडते. तिथे उभं राहायला पाय रोवता येतील असा माणूस हवा. तिथल्या दगडाची पेनेहेला लहानपणापासून ओळख. तो तिथे जाऊन उभा राहिला आणि आपला दिवा त्याने छातीशी धरला.

जहाजाचा मोठा दिवा विझला.

पहिल्यांदा सगळं नाहीसं झालं. मग हळूहळू डोळ्यांना रात्र सापडायला लागली. चांदण्या आल्या, लाटेची पांढरी कड आली, मग खडपावरचे दिवे एकेक करून असे उमटले जणू ते आत्ताच कोणी पेरले. प्रत्येकाच्या पायाशी पाण्यात त्याच्याच रंगाचं डबकं थरथरत होतं. माणसं दिसत नव्हती, नुसते दिवे आणि खाली त्यांची डबकी. कोणी तरी उद्याचं गाणं गुणगुणायला लागलं, ते पलीकडच्या रांगेने उचललं, आणि पेनेहेला वाटलं की गावच सगळं पाण्यावर आलंय. घरं, खुराडी, झोळ्या, भांडणं, सगळं. लांब जहाजापाशी चार दिवे वर-खाली होत होते. वरून एक जाळी उतरत होती, तिलाही कोणी तरी दिवा बांधला होता, म्हणून ती कुठे आहे ते वरच्यांनाही दिसत होतं आणि खालच्यांनाही. घाई नाही, ओरडा नाही. झोपेत चालावं तसं सगळं अलगद चाललं होतं.

लोसा रेडिओवरून परत आली आणि तांबड्या रांगेत उभी राहिली. ‘‘कॅप्टन विचारत होता, इतक्यात खांब कधी रोवले,’’ ती पलीकडून म्हणाली. ‘‘म्हटलं, खांब नाहीत, बोलणारे आहेत. नीट ऐकलंत तर शिव्याही ऐकू येतील.’’

रांगेत हसू पसरत गेलं. पेनेहेही हसला, आणि हसता हसता त्याने खाली बघितलं तर दिवा फिका झाला होता. त्याने बूड फिरवलं. दिवा काजव्याइतका झाला, आणि मग तोही राहिला नाही.

‘‘लोसा,’’ त्याने हाक मारली. ‘‘माझा गेला.’’

‘‘जाणारच. रात्र रात्र जाळलात ना? माझ्या खिडकीतून दिसायचा.’’ तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ‘‘सेल आहेत कोणाकडे?’’

कोणाकडेच नव्हते. दुकानातले कधीच संपले होते. नवे सेल जहाजातून उतरत होते.

आणि पडाव निघाला होता. चार दिवे जहाजापासून सुटे झाले आणि इकडे वळले. डावीकडे तांबड्यांची अखंड माळ, उजवीकडे हिरव्यांची, आणि हिरव्यांत मधोमध एक काळं भोक. समुद्रावरून कालोलोला काय दिसत असेल ते पेनेहेला लख्ख कळलं. त्याला तिथे दार दिसत असेल. पडावात तांदूळ आहे, डिझेल आहे, आणि पोत्यांवर तिलोमाई बसली आहे. शेजारच्यांना सरकवायचं, तर दोन्ही बाजूंना पाऊल टाकायला दगड नव्हता. ओरडायचं तर काय? लाटेच्या आवाजात ‘इकडे नको’ मधलं ‘इकडे’ तेवढं पोचायचं.

चार दिवे खरंच थोडे त्याच्या रोखाने कलले.

तेव्हा पेनेहेने तेच केलं जे त्याला येत होतं. त्याने घसा साफ केला आणि इनातीचा सूर लावला. तो सूर लांब, खालून वर जाणारा, समुद्रावरच्या माणसालाही पोचेल असा. टोकाच्या घराचं नाव त्याने पुकारलं. टोकाच्या बाईने दिवा डोक्यावर धरला. त्याने पुढचं नाव पुकारलं. पुढचा दिवा वर गेला. कालोलो जन्मल्यापासून ही नावं ऐकत आला होता. नाव आहे म्हणजे घर आहे, घर आहे म्हणजे तिथे वाट नाही, एवढं त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. नाव, दिवा. नाव, दिवा. घळीपर्यंतची नावं झाल्यावर पेनेहेने घळीपलीकडची घेतली, सगळी हिरवी रांग पुकारली, किनाऱ्यापर्यंत.

मग एकच घर उरलं. वाटणारा आपला वाटा शेवटी घेतो, आणि तेव्हा स्वतःचं नाव घ्यायची रीत नाही. बायकोचं घ्यायचं. आयुष्यात हजारदा त्याने ते चावडीपुढे पुकारलं होतं, कधी अर्ध्या माशासाठी, कधी कासवाच्या तुकड्यासाठी, काही विचार न करता. आज त्याने छाती भरून श्वास घेतला. काळ्या भोकातून, दिव्याशिवाय, त्याचा आवाज समुद्रावर गेला.

‘‘तिलोमाई.’’

इकडे बघ.

लाट आली आणि गेली. आणि अंधारातून, पडावाच्या दिशेने, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा तिचा आवाज आला.

‘‘बघतेय.’’

चार दिवे थबकले, सरळ झाले, आणि तांबड्या-हिरव्यांच्या मधून आत यायला लागले. पेनेहेच्या अंगावरून इतक्या जवळून पडाव गेला की डिझेलचा वास आला. कोणी तरी पोत्यांवर उभं होतं. कोण ते त्याला दिसलं नाही, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते समुद्राचं नव्हतं.

किनाऱ्यावर माल उतरायला माणसांची रांग लागली. मास्तर पिठाची पोती घेत होते आणि आता त्यांच्याजवळ उभं राहायला कोणाची हरकत नव्हती. पेनेहे भिजलेल्या सदऱ्याने पाण्यातून वर आला. तिलोमाई वाळूत उभी होती, गाठोडं पायाशी ठेवून.

‘‘दिवे दिसले?’’ त्याने विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

‘‘सगळे दिसले. तांबडे वेगळे, हिरवे वेगळे,’’ ती म्हणाली. ‘‘मधे एक जागा काळी होती. तुम्ही हाक मारायच्या आधीच मी कालोलोला म्हटलं, तिकडे नको, त्या घळीच्या दगडावर आमचे हे असणार.’’

कालोलो पडावाचा दोर बांधत होता. ‘‘म्हणाली होती खरी,’’ तो म्हणाला. ‘‘मला वाटलं, हिला अजून दिसत नाही.’’

तिलोमाईने पडावाच्या कोपऱ्यावरचा एक दिवा सोडवून घेतला आणि पेनेहेच्या तोंडासमोर धरला. त्याने मान फिरवायचा प्रयत्न केला. हनुवटी कापलेली, केस चिकटलेले, डोळे लाल, आणि जी काही वर्षं तिने बघितली नव्हती ती सगळी एकदम. तिने दुसऱ्या हाताने त्याची हनुवटी धरून तोंड सरळ केलं. ती खूप वेळ बघत राहिली. मागे पोती पडत होती, कोणी तरी सेलचं खोकं फोडलं होतं आणि पोरं गलका करत होती.

‘‘अंधारात बरे दिसत होतात,’’ ती म्हणाली, पण दिवा काही तिने खाली घेतला नाही.